धुणं अडतं ते दोरीपाशी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: नोकरी, शाळा, डबे सांभाळून धुण्यातला वेळ कमी कसा करायचा? पत्रं पुण्याच्या वेगवेगळ्या भागांतून आली आहेत. कुणाकडे पाण्याची अडचण आहे, कुणाकडे जागेची. म्हणून उत्तरंही एका मापाची नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. घरात दोन शाळकरी मुलं, सात किलोचं फ्रंट लोड मशीन. आठवडाभर कपडे साठवून रविवारी सगळे धुते. दिवस त्यातच जातो आणि तरी सोमवारी सकाळी एखादा गणवेश दमट असतो. काय चुकतंय? (बाणेर)

चुकतोय तो दोरीचा हिशेब. चौघांच्या घरात रोज साधारण अडीच-तीन किलो कपडे निघतात. मोठ्या माणसाचा शर्ट २०० ते २५० ग्रॅम, जीन्स ६०० ते ७००, मुलाचा गणवेश साडेतीनशेच्या आसपास, टर्किश टॉवेल ४०० ते ५००, डबल बेडशीट ७०० ते ८००, असं धरून चाला. आठवड्याचे होतात जवळजवळ वीस किलो. म्हणजे तीन वेळा मशीन, दर वेळी दीड-पावणेदोन तास. तेवढं मशीन करेल. पण वाळत घालणार कुठे? ड्राय बाल्कनीत छताला टांगलेला सहा दांड्यांचा, सहा फुटी पुलीचा स्टँड म्हणजे सगळी मिळून ३६ फूट जागा. एका कपड्याला सव्वा फूट धरलं तर २८ कपडे झाले, म्हणजे जेमतेम एक लोड. दुसरा लोड खुर्च्यांच्या पाठींवर आणि दाराच्या कड्यांवर जातो, तिसरा टबात पडून राहतो. दमट गणवेश येतो तो तिथून.

म्हणून आधी आपल्या घरात एका वेळी किती कपडे नीट वाळतात ते मोजा आणि तेवढेच धुवा. तुमच्यासाठी सोमवार, बुधवार आणि शनिवार असं आठवड्यातून तीनदा मशीन पुरेल. गुरुवार मुद्दाम वगळला आहे, कारण देखभाल-दुरुस्तीसाठी पुण्यात पाणी बंद राहतं ते बहुधा गुरुवारीच, आणि शुक्रवारी ते उशिरा व कमी दाबाने येतं. बेडशीट आणि पडदे यांचा लोड एक रविवार सोडून एक, तोही सकाळी लवकर. एप्रिल-मे महिन्यांत बेडशीट दोन तासांत वाळते, त्यामुळे जाड धुणं उन्हाळ्यातच उरकून घ्यावं.

या वेळापत्रकात गणवेशाचे तीन जोड लागतात. सोमवारी पहिला, मंगळवारी दुसरा, बुधवारी तिसरा. पहिले दोन बुधवारी सकाळी धुतले की गुरुवार-शुक्रवारची सोय झाली. दोनच जोड असतील तर नेमकं बुधवारी अडतं आणि मंगळवारी रात्री एक शर्ट हाताने धुवायची पाळी येते. वर्षातून एकदा तिसऱ्या जोडाचा खर्च करणं आमच्या मते सार्थकी लागतं.

मशीन रात्री भरून ठेवा आणि ‘डिले’ बटणावर अशी वेळ लावा की धुणं सकाळी सहाला संपेल. म्हणजे धुतलेले कपडे ड्रममध्ये पडून राहत नाहीत आणि डब्यांच्या गडबडीआधी दहा मिनिटांत वाळत पडतात. मात्र रात्रभर ड्रममध्ये राहणारे कपडे कोरडे हवेत. एखादा ओला नॅपकिन आत राहिला तर सकाळपर्यंत त्याचा रंगही दुसऱ्याला लागतो आणि वासही.

वर्गवारी मशीनपाशी उभं राहून करू नका. बाथरूमबाहेर दोन जाळीदार टोपल्या ठेवा, एक फिक्या कपड्यांची, एक गडद. टॉवेल, आतले कपडे आणि स्वयंपाकघरातली फडकी यांची तिसरी, छोटी. सहा-सात वर्षांचं मूल खिसे रिकामे करून, बाही सरळ करून, मोज्याचा बोळा उलगडून कपडा योग्य टोपलीत टाकू शकतं. हे काम मुलांचं आणि त्यांच्या बाबांचंही आहे, ते आईने मागाहून करायचं नाही. बोळा झालेल्या मोज्यात साबण अडकतो आणि तो वाळायलाही दुप्पट वेळ घेतो, हे मुलांना एकदा दाखवा. दाखवलेलं त्यांच्या लक्षात राहतं.

शेवटचा वेळ जातो घड्यांत. वाळलेले कपडे पलंगावर आणून टाकले की त्यांना पुन्हा हात लावावा लागतो, तोवर चुरगळतात, मग इस्त्री. दोरीवरून काढतानाच उभ्या-उभ्या घडी घाला आणि माणसागणिक चवड लावा. शर्ट-कुर्ते तर मशीनमधून काढून थेट हँगरवर घालून दांडीला अडकवा, वाळले की त्याच हँगरसकट कपाटात. तुळशीबागेत प्लॅस्टिकचे हँगर डझनाने मिळतात. तारेचे घेऊ नका, ओल्या कपड्याला गंजाचा डाग देतात.

प्रश्न : पावसाळ्यात कपडे धुऊनही कुबट वास येतो. सुगंधी कंडिशनर वाढवला तरी जात नाही. मुलं शाळेत घालायला कुरकुर करतात. (धायरी)

कुबट वास येतो तो कपडा तासन्‌तास ओला राहिल्यामुळे. धाग्यात उरलेला घाम, तेलकटपणा आणि साबण यांवर जिवाणू वाढतात, वास त्यांचा असतो. त्यावर कंडिशनर ओतला तर धाग्यावर मेणचट थर बसतो, मळ त्याखाली अडकतो आणि पुढच्या धुण्यात तर निघतच नाही. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने कंडिशनर बंदच ठेवा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पिळण्याने. पाच किलो कोरडे कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर साधारण साडेतीन किलो पाणी धरून बाहेर येतात, १२०० फेऱ्यांवर अडीच ते पावणेतीन किलो. हे वरचं किलोभर पाणी तुमच्या खोलीच्या हवेत जायचं असतं. धुणं संपल्यावर नुसतं ‘स्पिन’ पुन्हा एकदा लावा, आठ-दहा मिनिटं लागतात आणि वाळण्याचे दोन-तीन तास वाचतात. टॉप लोड मशीन असेल तर कपडे हाताने मोकळे करून, ड्रममध्ये सगळीकडे सारखे पसरून मग दुसऱ्यांदा पिळा. गोळा झालेले कपडे एका बाजूला जातात आणि मशीन वेग धरतच नाही.

वाळत घालताना दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं. एक लांब, एक आखूड असे घातले तर मधून वारा खेळतो. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून, कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावून नळकांड्यासारखी उघडी टांगा. खोलीत वाळवत असाल तर पंखा मध्यम वेगावर लावा आणि एक खिडकी वीतभर उघडी ठेवा. बाहेर पाऊस असला तरी उघडी ठेवा, कारण बंद खोलीतली हवा तासाभरात ओलाव्याने भरते आणि मग पंखा तीच दमट हवा फिरवत बसतो. ७५ वॉटचा पंखा सहा तास चालला तर अर्ध्या युनिटच्या आतच वीज जाते. पुन्हा धुण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

पावसाळ्यात वेळापत्रकही बदला. एक दिवसाआड सहा किलोंऐवजी रोज तीन किलो धुवा. ओली दोरी दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांना अडवते, तेव्हा लोड लहान बरा. टर्किश टॉवेल जूनमध्ये कपाटात ठेवून सुती पंचे बाहेर काढा. पंचा अर्ध्या वेळात वाळतो आणि मशीनमध्ये जागाही कमी घेतो. कपडा वाळल्यासारखा वाटला तरी काखेतली शिवण, कॉलर आणि कमरपट्टा ओठांना लावून पाहा. बोटांना न कळलेली ओल ओठांना गार लागते. तिथे इस्त्री फिरवली की झालं.

वास आधीच बसला असेल तर अर्धी बादली पाण्यात एक वाटी पांढरं व्हिनेगर घालून कपडे अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. सुती कपडे आणि टॉवेल ६० अंशांवर धुतले तर व्हिनेगरचीही गरज नाही. पाणी तापवायला साधारण पाऊण ते एक युनिट वीज जास्त लागते, पण महिन्यातून दोनदा ती लागली तर लागू द्या. त्याच दिवशी मशीनच्या दाराचं रबर उलगडून पाहा. घडीत काळपट चिकट थर दिसला तर वास तिथूनही येतोय. ते ओल्या फडक्याने पुसा आणि यापुढे धुणं झाल्यावर दार व पावडरचा खण उघडा ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार फटीपुरतंच उघडं ठेवा आणि मुलाला मशीनपासून लांब.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी आहे. पांढरे शर्ट सहा महिन्यांत राखाडी होतात, टॉवेल खरखरीत. पावडर वाढवून पाहिली. (वाघोली)

पावडर वाढवल्याने उलट भर पडली असावी. खडकवासल्याचं धरणाचं पाणी तुलनेने मृदू असतं. खडकातून झिरपून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. हे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारी साय बनवतात, ती धाग्यात बसते. राखाडीपणा आणि खरखर दोन्ही तिचीच. खात्री करायची असेल तर पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. वर फेस आणि खाली स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी मृदू. फेस नाही आणि पाणी दुधाळ, वर फुटल्यासारखे कण, तर जड. इथे डिटर्जंट वापरू नका, तो जड पाण्यातही थोडाफार फेसाळतो आणि फसवतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे याच जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. सोसायटीकडे पाण्याचा तपासणी अहवाल असतो, तो मागून घ्या. टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे, तो आकडा सगळ्याच क्षारांचा असतो.

आधी बसलेली साय काढायची, मग नवी बसू द्यायची नाही. काढण्यासाठी दहा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, विरघळवा आणि पांढरे सुती कपडे तासभर बुडवून ठेवा. नंतर चांगले खळबळून नेहमीसारखे धुवा. फार जुन्या कपड्यांना हे दोनदा करावं लागतं. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकाच बादलीत लागोपाठही नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

पुढे बसू नये म्हणून सुती कपड्यांच्या लोडला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा थेट ड्रममध्ये घाला आणि डिटर्जंट पाकिटावर जड पाण्यासाठी जेवढा सांगितला असेल तेवढाच. खायचा सोडा वेगळा, त्याने हे काम नीट होत नाही. रेशीम आणि लोकर यांना धुण्याचा सोडा अजिबात लावू नका. पावडरपेक्षा द्रव डिटर्जंट अशा पाण्यात बरा, कारण त्याचे कण कपड्यात उरत नाहीत. डिटर्जंट जास्त होतोय का हे पाहायचं असेल तर धुतलेले दोन टॉवेल काहीही न घालता मशीनमध्ये फिरवा. काचेवर फेस आला तर तो जुना, न निघालेला साबण आहे, माप कमी करा.

हेच क्षार मशीनच्या हीटरवरही चढतात. दोन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ६० अंशांवर किंवा त्याच्या वर पूर्ण प्रोग्राम चालवा. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत विशिष्ट पावडर सांगितली असेल तर वॉरंटीच्या काळात तीच वापरा.

प्रश्न : वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत चौथ्या, शेवटच्या मजल्यावर राहते. दीड तासाच्या प्रोग्रामला अडीच तास लागतात. मेकॅनिक म्हणतो मशीन चांगलं आहे. (सदाशिव पेठ)

मेकॅनिक बरोबर सांगतोय. तुमच्या मशीनला पाणी भरायलाच वेळ लागतोय. गच्चीवरची टाकी नळापासून जितके मीटर वर, त्याच्या दहाव्या भागाइतका ‘बार’ (दाब मोजायचं एकक) दाब मिळतो. तीन मीटरला ०.३ बार. पुष्कळ फ्रंट लोड मशीनना कमीत कमी ०.३ ते ०.५ बार लागतो, तुमचा आकडा पुस्तिकेत छापलेला असेल. शेवटच्या मजल्याला टाकी सगळ्यात जवळ, म्हणून दाब सगळ्यात कमी.

आधी फुकटचा उपाय करा. मशीनच्या नळाखाली लिटरची बाटली धरून वेळ मोजा. दहा-बारा सेकंदांत भरली तर नळ ठीक आहे, जाळी तुंबली असणार. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा, मागचा पाइप हाताने फिरवून सोडवा. मशीनच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसेल, ती पक्कडीने अलगद ओढा. गाळ आणि पापुद्रे जुन्या टूथब्रशने काढून जाळी परत बसवा. काही पाइपांत नळाकडच्या टोकालाही अशीच जाळी असते. पाइप परत लावल्यावर नळ उघडून, आटा झिरपत नाही ना ते पाहून मग प्लग लावा.

बाटली भरायला वीस सेकंदांच्या वर लागले तर दाबच कमी आहे. टाकीनंतरच्या लाइनवर छोटा बूस्टर पंप प्लंबरकडून बसवता येतो. तो महापालिकेच्या नळजोडाला थेट लावायचा नसतो, त्याला परवानगी नाही. पंप नको असेल तर इमारतीत पाण्याचा वापर कमी असतो अशा वेळी, दुपारी किंवा पहाटे, मशीन लावा.

पुढच्या बाजूला खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, झाकणामागे पंपाचं फिल्टरही असतं. महिन्यातून एकदा खाली ताट ठेवून ते उघडा. नाणी, केसांच्या पिना, शर्टाची बटणं आणि केसांचा गुंता तिथे जमतो, पाणी उपसायला उशीर होतो आणि तोही प्रोग्रामच्या वेळेत भर घालतो.

प्रश्न : डब्यातल्या भाजीचे हळदीचे डाग, बॉलपेनची शाई आणि काळी कॉलर. तिन्हींसाठी रोज घासत बसते. न घासता काही होईल का? (कोथरूड)

होईल. घासण्यापेक्षा डागाला दहा मिनिटं एकट्याला सोडणं जास्त उपयोगी असतं, फक्त त्यावर योग्य गोष्ट लावून.

हळदीची भीती सगळ्यात जास्त, आणि हळद खरं तर सगळ्यात सोपी. गणवेशावर पिवळा डाग आहे. साबण लावताच तो लालभडक होतो, आई घाबरते, आणखी घासते. लाल होणं हे हळदीतल्या कर्क्युमिनचं काम. साबण अल्कधर्मी असतो, त्याच्या संगतीत कर्क्युमिन पिवळ्याचं तांबडं होतं आणि साबण निघून गेला की पुन्हा पिवळं. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो, आणि उन्हापुढे टिकत नाही. म्हणून आधी भाजीचं तेल काढा: कोरड्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, बोटाने पसरून दहा मिनिटं. पाण्याने धुवा, नेहमीच्या लोडमध्ये टाका. पिवळट सावली उरली तरी चिंता नको. डागाची बाजू वर करून कडक उन्हात घाला. एप्रिलच्या उन्हात एका दुपारीत डाग फिका पडतो, पावसाळ्यात ढगाआडच्या उजेडात तीन-चार दिवस लागतात. डाग जाईपर्यंत त्यावर इस्त्री फिरवू नका.

बॉलपेनच्या शाईला पाणी लावण्याआधी हँड सॅनिटायझर किंवा स्पिरिट. डागाखाली टिश्यूची घडी ठेवा आणि वरून कापसाने टिपत राहा. शाई खाली टिश्यूत उतरते. टिश्यू दर वेळी नव्या जागी सरकवा, नाही तर शाई परत वर येते. घासलं तर डाग पसरून मोठा होतो. जेल पेनाची शाई मात्र हट्टी. ती ओली असतानाच थंड पाण्याखाली धरायला मुलाला शिकवा, वाळल्यावर पूर्ण जाईलच असं नाही.

कॉलरवरचा काळेपणा म्हणजे त्वचेचं तेल आणि त्यावर बसलेली धूळ. केसांचं तेल ज्याने निघतं त्यानेच हेही निघतं. चमचाभर शाम्पू ओल्या कॉलरवर पसरा, दहा मिनिटांनी जुना टूथब्रश चार-पाच वेळा फिरवा आणि मशीनमध्ये टाका.

रक्त, दूध, अंडं यांना नेहमी थंड पाणी, कारण गरम पाण्याने त्यांतली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात. चिखल ओला असताना हात लावू नका. वाळू द्या, झटका, ब्रशने पाडा, मग धुवा.

प्रश्न : चार महिन्यांचं बाळ आहे, कापडी लंगोट वापरतो. दिवसाला पंधरा-वीस. वेगवेगळे धुण्यातच जीव जातो. (हडपसर)

प्रत्येक लंगोट लगेच धुवायची गरज नाही. शी असेल तर ती कमोडमध्ये पाडून थंड पाण्याखाली धरा, शू असेल तर नुसतं एकदा विसळा. मग पिळून झाकणाच्या, जाळीदार बादलीत पाणी न घालता साठवा. पाण्यात बुडवून ठेवलेल्या लंगोटांना जास्त वास येतो, आणि पाण्याने भरलेली उघडी बादली रांगणाऱ्या बाळासाठी धोक्याची असते. दिवसाआड सगळे एकदम ६० अंशांवर, साधा डिटर्जंट, शेवटी एक जादा ‘रिन्स’. कंडिशनर नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. नीळ आणि खळही नको. ऊन मिळेल तेवढं द्या. दिवसाआड धुणं परवडायला चाळीस-पन्नास लंगोट हाताशी हवेत. जुन्या मऊ सुती साडीतून डझन-दीड डझन घरीच निघतात.

प्रश्न : इस्त्रीवाल्याकडे महिन्याला शंभराच्या वर नग जातात. ते कमी कसे करता येतील? (बिबवेवाडी)

चुण्या पडतात त्या मशीनमध्ये, इस्त्रीच्या टेबलापर्यंत यायच्या कितीतरी आधी. ड्रम भरल्यावर कपड्यांच्या वर तळहात उभा शिरेल एवढी जागा हवी. शर्ट आणि कुर्त्यांचा वेगळा छोटा लोड करून ते ६०० ते ८०० फेऱ्यांवरच पिळा. पावसाळ्यातला वरचा सल्ला इथे उलटा होतो, म्हणून हा उपाय उन्हाळ्या-हिवाळ्यातला. मशीन थांबल्यावर पंधरा मिनिटांच्या आत काढा, खांद्याला धरून तीनदा जोरात झटका, कॉलर आणि बटणपट्टी हाताने ओढून सपाट करा, हँगरवर घाला. घरच्या कपड्यांना मग इस्त्री लागत नाही. ऑफिसच्या शर्टाला कॉलर, पट्टी आणि बाह्या एवढ्यावर भागतं, दोन मिनिटांत.

मुलींच्या गणवेशाच्या चुण्यांचं वेगळं. पिनाफोर ओला असतानाच चुण्या जुळवून खालच्या काठाला चिमटे लावा आणि तसाच वाळवा.

घरी करत असाल तर सिंथेटिक आधी, सुती शेवटी. इस्त्री गरम होते लवकर, गार व्हायला मात्र वेळ घेते. शेवटचे रुमाल बटण बंद करून उरलेल्या उष्णतेवर होतात.

थोडक्यात

*पंधरा मिनिटांचा क्विक वॉश रोज वापरला तर? (कर्वेनगर)* एक-दोन किलो, एकदाच घातलेले, न मळलेले कपडे असतील तर जरूर. डिटर्जंट निम्मा, कारण त्यात खळबळणं कमी होतं. टॉवेल, मोजे आणि घामाचे टी-शर्ट यांना तो पुरत नाही, मळ राहतो आणि आठवड्याभरात वास धरतो.

*मोजे हरवतात. (वारजे)* चेन असलेली जाळीची पिशवी घ्या, प्रत्येकाची एक. मोजे काढले की थेट तिच्यात, पिशवीसकट मशीनमध्ये. पिशवी अर्धीच भरा. आणि शाळेचे मोजे सगळे एकाच रंगाचे, एकाच जातीचे घ्या, म्हणजे जोड्या लावायचं कामच उरत नाही.

*मुलगी ढोल-ताशा पथकात आहे. विसर्जनानंतर पांढऱ्या कुर्त्याचा गुलाल जात नाही. (नारायण पेठ)* पाणी लागलं की गुलालाचा रंग सुटतो आणि धाग्यात शिरतो, म्हणून कुर्ता कोरडा असतानाच गच्चीवर नेऊन जोरजोरात झटका आणि मऊ ब्रशने उरलेली पूड पाडा. मग वाहत्या थंड पाण्याखाली, उलट बाजूने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धरा. त्यानंतर डिटर्जंटमध्ये अर्धा तास भिजवून धुवा. घामाने ओला झालेला भाग गुलाबी राहिलाच तर पांढऱ्या सुती कापडाला लिटरभर पाण्यात दोन चमचे ब्लीच पाच-दहा मिनिटं चालतं, रंगीत नक्षी असेल तर नको. पहिल्या दोन धुण्यांत हा कुर्ता इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये घालू नका.